छत्तिसावा

“मावशी, आमच्या बॅचच्या सगळ्यांना तुमच्या ऑफिसातून फोन आले. मला कसा नाही आला?” मंत्र्यानं हे विचारलं तेव्हा घास माझ्या हातात होता आणि त्याचा फोन त्याच्या ताटाशेजारीच पालथा पडलेला होता. रविवारची दुपार, तीन माणसांचं जेवण, खिडकीत वाळत घातलेला माझ्या धाकट्या बहिणीचा पांढरा कोट. ती इस्पितळाच्या प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासते. मी म्हटलं, “नंबर लागला नसेल.” हे म्हणायला मला अजिबात वेळ लागला नाही. त्यानं फोन सुलटा केला, रेंज आहे का पाहिलं, परत पालथा ठेवला. “नंबर तोच आहे माझा,” तो म्हणाला, “तुला तर पाठ आहे.” धाकटी हसली. “अरे, घरच्या माणसाला कसला फोन करायचा? समोरच तर बसलीय. विचार की गं त्याला इथंच,” ती म्हणाली आणि तिनं माझ्या ताटात न विचारता आणखी भात वाढला. मी तो सगळा संपवला. मंत्री उठताना ताटाबरोबर फोनही आत घेऊन गेला.

मंत्री हा धाकटीचा एकुलता एक मुलगा. तीन वर्षांचा असताना स्टुलावर उभा राहून भाषणं ठोकायचा, म्हणून जिन्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांनी त्याचं नाव मंत्री ठेवलं. आता अठ्ठावीस वर्षांचा आहे. “बिनखात्याचा मंत्री,” असं तो स्वतःच म्हणायचा, बेकारीच्या पहिल्या वर्षी. दुसऱ्या वर्षापासून ते म्हणणं बंद झालं आणि आम्हा दोघींपैकी कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. मी मात्र एक गोष्ट गेले तीन आठवडे पाहत होते. हा मुलगा आंघोळीला जाताना फोन बरोबर नेतो, मोरीच्या दाराबाहेर स्टूल ठेवतो, त्यावर फोन ठेवतो, आणि दार पुरतं लावत नाही. सकाळी दहाला इस्त्रीचा शर्ट घालून बसतो, पाचनंतर काढून ठेवतो. मी मनाशी म्हटलं, असेल कुणी मुलगी, चांगलंच आहे. रविवारी भात गिळता गिळता मला कळलं की तो माझ्या ऑफिसच्या फोनची वाट पाहत होता. दहा ते पाच ही माझ्याच खात्याची वेळ. फोन करणाऱ्या दोन मुलींना ती मीच नेमून दिलेली आहे.

मी व्यवस्थापन शिकवणाऱ्या एका संस्थेत आकडे गोळा करते. दरवर्षी एक मासिक अशा संस्थांची यादी छापतं, पहिली कोण, दहावी कोण, शंभरावी कोण. ती यादी आकाशातून पडते असं पालकांना वाटतं, आणि त्यांना तसं वाटावं यासाठीच तिच्या तळाशी बारीक अक्षरांत दोन पानं छापलेली असतात. ती दोन पानं वाचायचा मला पगार मिळतो. कुणाला किती गुण: पोरांना मिळालेला पगार, किती जणांना नोकरी, शिकवणारे किती, अर्ज किती आले आणि त्यातले किती नाकारले, आणि इतर संस्थांचे संचालक तुमच्याबद्दल काय म्हणतात. शेवटचं सगळ्यात सोपं. आमचे संचालक नव्या वर्षाला साठ डायऱ्या पाठवतात आणि साठ डायऱ्या आम्हाला येतात. शिकवणाऱ्यांत वर्षातून दोनदा विमानानं येणारे धरायचे, कारण फॉर्मवर ‘अध्यापनात सहभाग’ असं लिहिलंय, राहायला कुठं असतात ते विचारलेलं नाही. अर्जांत माहितीपत्रक मागवणारे धरायचे. मी नवी असताना एकदा संचालकांना म्हटलं होतं, सर, हे खोटं नाही का होत? ते रागावले नाहीत. त्यांनी स्वतः उठून मला चहा ओतून दिला आणि म्हणाले, “बाई, आपण खोटं कधी लिहायचं नाही. आपण व्याख्या वाचायची.” एकोणीस वर्षं झाली. मी एकदाही खोटं लिहिलेलं नाही. ही मी शेखी मिरवत नाही, तपासणीला कुणीही यावं, कागद न् कागद जागेवर सापडेल.

तर ‘संपर्क नाही’ या शब्दांची व्याख्या अशी: संस्थेच्या नोंदीत असलेल्या पत्त्यावर तीन वेळा प्रयत्न करूनही ज्याचं उत्तर आलं नाही, तो. अशा विद्यार्थ्याला हिशोबातून वगळायचं, वरूनही आणि खालूनही. नोकरी असलेल्यांत तो नाही, नसलेल्यांतही नाही, एकूणातही नाही. मात्र असे लोक शेकडा वीसच्या वर गेले तर अख्खी संस्था यादीतून बाद. मासिक पास होऊन तीन वर्षं झालेली बॅच मोजतं; यंदाची, म्हणजे मंत्र्याची, एकशे ऐंशी जणांची. शेकडा वीस म्हणजे छत्तीस. आमच्याकडे दरवर्षी ‘संपर्क नाही’ शेकडा एकोणीस-वीसच असतात, हा योगायोग मासिकातल्या कुणाच्या डोळ्यांवर अजून आलेला नाही. युक्ती माझीच. शिकत असताना संस्था प्रत्येकाला एक ई-मेलचा पत्ता देते. तो पास झाल्यावर वर्षभरात बंद होतो. पण नोंदीत तर तोच असतो. ज्याचं बरं चाललंय असं आपल्याला बाहेरून कळतं, त्याला मुली फोन करतात. ज्याचं बरं चाललेलं नाही, त्याला त्या बंद पत्त्यावर तीन पत्रं जातात, सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी. पत्र जातं, परत येतं. प्रयत्न झाला. मी ही युक्ती पहिल्यांदा सांगितली तेव्हा संचालकांनी मान हलवत माझ्याकडे इतक्या कौतुकानं पाहिलं होतं की मला घरी येईपर्यंत बरं वाटत होतं. तसं कौतुकानं माझ्याकडे आयुष्यात फार जणांनी पाहिलेलं नाही.

यंदा पस्तीस नावं सहज झाली. एकशे पंचेचाळीस उरले, त्यांतले एकशे तीस नोकरीत. भाग दिला तर नव्वदला थोडं कमी पडत होतं, आणि मासिक नव्वदच्या वर पूर्ण गुण देतं, खाली आलात की तीन पायऱ्या उतरलात. एक नाव आणखी काढलं की काम होत होतं. पंधरा बेकारांची यादी माझ्या समोर होती आणि त्यांतल्या चौदांशी मुली आधीच बोलून बसल्या होत्या. पंधरावा मी स्वतःसाठी म्हणून बाजूला ठेवलेला होता. घरीच विचारीन म्हटलं होतं. कसं विचारायचं ते सुचत नव्हतं, म्हणून रोज उद्यावर ढकलत होते. मग त्याच्याही बंद पत्त्यावर तीन पत्रं गेली, आणि एका बुधवारी जेवणाच्या सुट्टीआधी मी मंत्र्याचं पूर्ण नाव ‘संपर्क नाही’ या रकान्यात टाकलं. आदल्याच रात्री मी त्याच्या शर्टाचं बटण लावून दिलं होतं. नाव टाकल्यावर तळाशी ३६ असा आकडा आला. तीन आणि सहा, एकमेकांकडे पाठ करून बसलेले. मी डबा उघडला आणि जेवले.

रविवारी संध्याकाळी धाकटी कपड्यांच्या घड्या करत होती आणि मी नुसती बसले होते. ती म्हणाली, “ताई, त्याला काही होत नाहीये ना गं? बोलत नाही हल्ली.” मी म्हटलं, या वयात पोरं तशीच असतात. “तू होतीस म्हणून,” ती म्हणाली, “नाहीतर मला कुठलं कळायला, कुठली संस्था चांगली.” हे ती पाच वर्षांत किती वेळा म्हणाली असेल. पाच वर्षांपूर्वी याच टेबलावर मी नवं छापलेलं माहितीपत्रक उघडून ठेवलं होतं. यादीत आम्ही अकरावे होतो आणि मुखपृष्ठावर सरासरी पगार होता, वर्षाला बारा लाख चाळीस हजार. तो आकडा माझ्याच हातचा. त्यात एक पोरगा होता जो बापाच्या कारखान्यात लागला होता आणि ज्यानं आपला पगार आपणच ठरवला होता. दुसरा परदेशात होता, त्याचा पगार आम्ही इथल्या पैशात मोजला. ज्यांनी सांगितला नाही त्यांचा धरला नाही, आणि सहसा कुणी सांगत नाही ते आपल्याला माहीतच असतं. हे सगळं मला त्या टेबलाशी बसलेलं असताना माहीत होतं का? होतं. पण मी अकरावे हा शब्द उच्चारला तेव्हा माझा स्वतःचा त्यावर विश्वास बसला, हेही तितकंच खरं आहे. वर्षभर मेहनत करून आपणच बांधलेल्या घराबद्दल माणसाला शंका येत नाही. मी धाकटीला म्हटलं, “डोळे झाकून घाल.” तिनं डोळे झाकून घातलं. मंत्र्यानं त्या बारा लाख चाळीस हजारांवर बोट ठेवून विचारलं होतं, “मावशी, हे सगळ्यांना मिळतं?” मी म्हटलं, “सरासरी आहे. कुणाला कमी, कुणाला जास्त. तुला जास्त मिळेल.” पास झाल्यावर तो चार महिने एका कंपनीत फोनवरून विमा विकत होता. कंपनीनं ते खातंच बंद केलं, आणि तेव्हापासून बत्तीस महिने तो घरी आहे. बत्तीस हा आकडा मी मोजलेला नव्हता. तो मला नंतर कळला, आणि ज्या तऱ्हेनं कळला ते सांगते.

सोमवारी सकाळी मी निघताना तो टेबलाशी इस्त्रीचा शर्ट घालून बसलेला होता. फोनखाली घडी घातलेला एक कागद होता. मी पाण्याचा पेला उचलण्याच्या निमित्तानं वाकले आणि वाचला, चोरासारखा. घडीबाहेर तीनच ओळी दिसत होत्या, त्याच्या शाळेतल्या सुबक अक्षरात. नाही. बत्तीस महिने. एकशे चौदा ठिकाणी अर्ज केले. पहिल्या ओळीत ‘नाही’ आधी काहीतरी लिहून खोडलेलं होतं. त्यानं उत्तरं लिहून ठेवली होती. कुणीतरी ऑफिसातून फोन करील, सभ्यपणे विचारील, आणि तो सभ्यपणे सांगेल, एवढंच त्याला हवं होतं. बत्तीस महिन्यांत त्याला घरी कुणी प्रश्न म्हणून काही विचारलेलंच नव्हतं. आम्ही दोघी त्याला सांभाळून घेत होतो. जेवलास का विचारत होतो, झोप लागली का विचारत होतो, आणि नोकरीचा विषय निघाला की एकमेकींकडे पाहून मूग गिळून बसत होतो. बसमध्ये मी उभीच राहिले, जागा असून.  फॉर्म संध्याकाळी पाचला पाठवायचा होता, तोवर बदल करता येत होता. मी ठरवलं, आज याला फोन करायचा. ऑफिसच्या फोनवरून, सगळ्यांना करतात तसा, एकही प्रश्न न गाळता. तो नाही म्हणेल, ते मी लिहीन. तीन पायऱ्या उतरू. माझं काम दरवर्षी यादी लागल्यावर वर्षभरासाठी वाढवून मिळतं, ते यंदा मिळणार नाही. न मिळो. असं मी स्वतःला दोन थांबे सांगत होते, आणि तिसऱ्या थांब्यापर्यंत ते मला पटलंही.

तरी साडेबारा वाजेपर्यंत मी फोन उचलला नाही. पेन्सिलींना टोकं केली. मग फोन करणाऱ्या मुली जेवायला गेल्या, तेव्हा त्यांच्या टेबलाशी जाऊन बसले, त्यांचा प्रश्नांचा कागद पुढं ओढला आणि नंबर फिरवला. अर्धी घंटी वाजते न वाजते तोच त्यानं उचलला. “नमस्कार,” मी वाचलं, “मी संस्थेच्या माजी विद्यार्थी विभागातून बोलतेय. आपल्याला पाच मिनिटं वेळ आहे का?” पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, “हो, आहे. बोला.” त्यानं मला ओळखलं होतं, आणि ओळखलंय हे मला कळलं होतं, पण दोघांनीही ते मध्ये आणलं नाही. मी त्याचं नाव विचारलं, त्यानं पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट. त्याचा आवाज इतका नीट होता की मला स्टुलावरचं ते पोर आठवलं. “आपण सध्या नोकरीत आहात का?” मी विचारलं. “एक मिनिट हं,” तो म्हणाला, “मी लिहून ठेवलंय.” कागद उलगडल्याचा आवाज आला. त्यानं श्वास घेतला. आणि तेवढ्यात मागून धाकटीचा आवाज आला, “कुणाचा रे फोन? ताईच्या ऑफिसातून का?” सोमवारी तिची पाळी दुपारची असते. हे दारावरच्या कॅलेंडरवर माझ्याच हातानं लिहिलेलं आहे. मी सकाळपासून या फोनचाच विचार करत होते आणि एवढं एक मला आठवलं नव्हतं. “हो, तिथूनच,” तो तिला म्हणाला. मग स्टूल सरकल्याचं ऐकू आलं. ती त्याच्याजवळ येऊन बसली असणार, हात पुसत. ती कायम हात पुसत बसते.

“हो,” मंत्री म्हणाला. “नोकरीत आहे. म्हणजे लागलीय. एक तारखेपासून जायचंय.” मी पेन्सिल उचलली. “चालतं ना तसं?” त्यानं विचारलं. चालतं. स्वीकारलेली नोकरी ही नोकरीच धरावी, अशी व्याख्या आहे. “चालतं,” मी म्हटलं. “वार्षिक पगार?” मला तो प्रश्न गाळता आला असता. मी तो कागदावर होता म्हणून वाचला. “बारा लाख,” तो थांबला, “चाळीस हजार.” पलीकडे धाकटीच्या तोंडून काहीतरी निघालं, शब्द नव्हता. तो आकडा माझ्या खिशातला रुमाल असावा इतका माझ्या ओळखीचा होता. मी तो लिहून घेतला. “शेवटचा प्रश्न,” मी म्हटलं, “आपण आपल्या जवळच्या नातेवाइकाला ही संस्था सुचवाल का?” “मला नातेवाइकानंच सुचवली होती,” तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी त्यालाच धरून उभी राहिले असते. “म्हणजे हो लिहू?” “हो लिहा,” तो म्हणाला, “धन्यवाद,” आणि मी ठेवायच्या आधी त्यानं फोन ठेवला.

मी प्रश्नांचा कागद जागेवर ठेवला. मग मंत्र्याचं नाव ‘संपर्क नाही’मधून काढलं आणि नोकरी असलेल्यांत घातलं. मला हे खोडता येत होतं. मला माहीत होतं की हे खोटं आहे, आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच ते सरळसरळ खोटं होतं, कुठल्या व्याख्येत न बसणारं. पण माझ्या समोर विद्यार्थ्यानं स्वतः फोनवर दिलेलं उत्तर होतं, तारीख होती, वेळ होती. इतकं चोख उत्तर तर बाकीच्यांपैकी कुणाचंच नव्हतं. साडेतीनला संचालक डोकावले. आकडा पाहून त्यांची कळी खुलली. “पस्तीस झाले? म्हणजे एक जागा रिकामी आहे की, बाई,” ते म्हणाले. “ते चौदा बेकार आहेत ना, त्यातला एखादा घ्या इकडे. रिकामी कशाला ठेवायची?” मी म्हटलं, त्या चौदांशी बोलणं झालंय सर. “झालं असेल, पण नोंद पक्की केलीय का?” नव्हती. नोंद मीच पक्की करते, शेवटी, पाचच्या आत. मी यादी उघडली. वरून चौथी एक मुलगी होती, तिच्या नावापुढं फोनवालीनं लिहिलं होतं: आजारी वडिलांजवळ असते, खूप वेळ बोलली, पुन्हा फोन करा म्हणाली. मी तिला उचलून ‘संपर्क नाही’त ठेवलं. तळाशी पुन्हा ३६ झाले. फोन करणाऱ्या मुलीनं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की हीच का ते मला ठाऊक नाही. पण मला ठाऊक होतं. पुन्हा फोन करा म्हणाली, म्हणून. पाचला दहा कमी असताना फॉर्म गेला. नव्वदच्या चांगलेच वर होतो, संचालक ओठांतल्या ओठांत एक्क्याण्णव म्हणून पाहत होते.

घरी आले तर धाकटी कामावर गेलेलीच नव्हती. सुट्टी टाकून बसली होती. दार उघडताच तिनं माझे दोन्ही हात धरले. आम्ही बहिणी एकमेकींना शिवत नाही फारशा, त्यामुळं मला ते हात कुठं ठेवायचे कळेना. “मला सांगितलंसुद्धा नाही कार्ट्यानं,” ती म्हणाली, “तुझ्या ऑफिसातून फोन आला म्हणून कळलं. नाहीतर एक तारखेलाच सांगणार होता म्हणे.” तिचे डोळे सुजलेले होते आणि चेहरा पाच वर्षांपूर्वीचा होता. मंत्री टेबलाशी बसला होता. फोन समोर नव्हता, आणि तो कागदही. “ताई, खरं ना गं?” ती एकदम म्हणाली. “तुझ्याकडे लिहिलेलं असेल ना?” ती माणसांचं रक्त तपासते, तिला कागदावर आलेलं खरं वाटतं. मी मंत्र्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे शांतपणे पाहत होता, मदत मागत नव्हता. मी काहीही म्हणाले असते तरी त्याला ते चाललं असतं, असं मला वाटलं, आणि त्याचीच मला भीती वाटली. तो आता सगळ्याचं आवरून बसल्यासारखा दिसत होता. ‘नाही’ म्हणायचं तर आत्ता, या दारात, बॅग खांद्यावरून काढायच्या आधी. मी तोंड उघडलं. “नोंद आहे,” मी म्हटलं.

“आणि किती म्हणाला तो? मला नीट ऐकू नाही आलं.” मी आकडा सांगितला. “बघ,” ती त्याच्याकडे वळून म्हणाली, “मावशीनं तेव्हा सांगितलं होतं अगदी तेवढेच.” मग ती आत गेली आणि कपाटाचं दार उघडून त्याचे शर्ट काढायला लागली, नवे दोन घ्यावे लागतील असं आतूनच म्हणाली. आम्ही दोघं राहिलो. मी बूट काढले. मला त्याला विचारायचं होतं, तो कागद कुठाय. ते मी विचारलं नाही. तो म्हणाला, “मावशी, म्हणजे आता मी सापडलो ना?” आवाज फोनवरचाच होता, नीट, सभ्य. मी हो म्हटलं. तो उठला, कॅलेंडरजवळ गेला, आणि आईनं मगाशीच एक तारखेभोवती काढलेल्या वर्तुळाकडे बघत उभा राहिला. मीही तिथंच पाहत होते. मध्ये अकरा दिवस होते.